टोनमास्तरांच्या चार रिकाम्या लाइनी

टोनमास्तरांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आमच्या कचेरीत कोणी उरलेलं नाही. सकाळी नऊला दहा मिनिटं कमी असताना ते टेलिफोनच्या खोलीत यायचे, पिशवी खिळ्याला अडकवायचे आणि कोणाशी एक अक्षर न बोलता भिंतीवरच्या पेटीसमोर उभे राहायचे. हातात तपासणीचा फोन, त्याच्या वायरीला दोन चिमटे. एका लाइनीला चिमटे लावायचे, डोळे मिटायचे, लाइन चालू असल्याचा टोन ऐकायचा, पुढच्या लाइनीला. चोवीस लाइनी, चोवीस टोन. शेवटचा ऐकून झाला की माझ्याकडे वळून म्हणायचे, "बाई, सगळ्या जिवंत." मगच माझा दिवस सुरू व्हायचा. टोनमास्तर हे नाव मीच ठेवलेलं. झोपलेल्या माणसाला उठवण्याआधीही हे त्याला कान लावून बघत असतील, ही थट्टाही माझीच. ते कधी चिडले नाहीत. कामाची थट्टा केली तरी त्यांना कामाचं कौतुकच वाटायचं.

मी ऑपरेटर. आमची ही वीज कंपनीची तक्रार कचेरी. शहरात कुठेही वीज गेली, तार तुटली, मीटर जळला की लोक एकच सहा आकडी नंबर लावतात आणि तो फोन माझ्या बोर्डावर येतो. मी तो ज्या त्या टेबलाकडे वळवते. नंबर एक असला तरी त्याच्यामागे लाइनी चोवीस. पहिली अडकलेली असली की फोन आपोआप दुसरीवर येतो, दुसरी अडकलेली असली की तिसरीवर. प्रत्येक लाइनीचा माझ्या बोर्डावर एक दिवा. लाइन अडकली की दिवा लागतो. एवढं ध्यानात राहिलं की पुढचं सगळं कळेल.

त्या चोवीस दिव्यांपैकी शेवटचे चार मी कधी लागलेले पाहिले नाहीत. लाइनी मुळात वीस होत्या. मी नोकरीला लागले त्या वर्षी मास्तरांनी साहेबांच्या मागे लागून चार वाढवून घेतल्या, आणि तेव्हापासून त्या रिकाम्या. कितीही गर्दी होऊ दे, विसावा दिवा लागायचा आणि पुढे अंधार. मास्तरांच्या अभिमानाची हीच जागा. "चार लाइनी कायम हाताशी आहेत माझ्या," ते म्हणायचे. "या कचेरीच्या दारातून एकही फोन परत गेलेला नाही." टेलिफोनचं यंत्र दर तासाला एक लांबलचक कागद छापायचं, कुठली लाइन किती वाजता अडकली आणि किती वाजता सुटली. ते सगळे कागद त्यांनी वर्षावर्षाचे गठ्ठे करून कपाटात ठेवले होते. कोणी शंका काढलीच तर ते तोंड उघडत नसत, कपाट उघडत.

आता त्यांच्या बायकोचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

त्यांच्या बायकोला दमा होता. एकवीस वर्षांपूर्वीची उन्हाळ्यातली दुपार. सव्वा वाजता शहरातला मोठा ट्रान्सफॉर्मर जळला आणि अर्ध्या शहराची वीज गेली. माझ्या बोर्डावर झुंबड उडाली. एक फोन ठेवायचा अवकाश, दुसरा हजर. डबा उघडलेला तसाच राहिला. मास्तर माझ्या पाठीशी उभे राहून दिवे बघत होते. वीस लागलेले, चार विझलेले. "बाई, घाबरू नका," ते म्हणाले. "अजून चार मावतात." मला तेव्हा खरोखर धीर आला होता, हे कबूल करते.

त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात, त्यांच्या बायकोचा श्वास कोंडला होता. औषधाची वाफ देणारं मशीन विजेवर चालणारं, आणि वीज तर गेलेली. शेजारची दोन्ही घरं कामाला बाहेर. घरात नऊ वर्षांची मुलगी. आई तिला म्हणाली, बाबांना फोन लाव. त्यांच्याकडे वायरचा फोन होता, तो विजेविना चालायचा. मुलीला एकच नंबर पाठ होता, आमच्या कचेरीचा. ती तो लावत राहिली. साडेतीनला शेजारीण घरी आली तेव्हा मुलगी रिसीव्हर हातात धरून बसली होती आणि आई संपली होती.

चौथ्या दिवशी मास्तर कामावर आले. त्यांनी त्या दुपारचा कागद कपाटातून काढला आणि टोकापासून टोकापर्यंत वाचला. सव्वा ते साडेतीन, वीस लाइनी सलग भरलेल्या आणि चार सलग रिकाम्या. मुलगी त्या दिवशी त्यांच्याबरोबर आली होती, घरी कोणाकडे ठेवणार? तिला त्यांनी माझ्या शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर उकिडवे बसले. ते रागावले असते तर मला चाललं असतं. पण ते शांतपणे, समजावून सांगत होते.

"बाळा, हे बघ. चार लाइनी मोकळ्या होत्या. फोन लागायलाच हवा होता. घाबरलेली होतीस ना तू? मग एखादा आकडा चुकला असेल."

"टूं टूं येत होतं बाबा," मुलगी म्हणाली.

"हो ना. चुकीचा नंबर लागला की तसंच येतं. तुझा दोष नाही. तू लहान आहेस."

आपण तिचं समाधान करतोय असं त्या भल्या माणसाला वाटत होतं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं, आणि मीसुद्धा मान हलवली.

पुढची दोन वर्षं शाळा सुटली की ती माझ्या घरी असायची, बाप कामावरून येईपर्यंत. मला मावशी म्हणायची. शहाणं पोर, दंगा नाही, हट्ट नाही. फक्त एक खोड. माझ्या घरच्या फोनजवळ बसायची आणि रिसीव्हर न उचलता नंबराची बटणं दाबायची. सहा आकडे, थांबायची, पुन्हा सहा आकडे. मी समजायचे, खेळतेय. मी बाईमाणूस, दोन पोरं वाढवलेली, आणि मला एवढं कळू नये? आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

ती आता तिशीची आहे. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. आलेल्या प्रत्येक नळीवरचा आकडा ती तीनदा मोठ्यानं वाचते, मग चिठ्ठी चिकटवते. तिथले लोक तिच्या काटेकोरपणाचं तोंड भरून कौतुक करतात. ती कोणाला फोन लावत नाही. आलेला घेते, बोलते, हसतेसुद्धा, पण स्वतः लावत नाही. रविवारी बापाकडे जाते, आठवड्याचं आवरून देते आणि अंधार पडायच्या आत निघते. दोघांत भांडण असं काही नव्हतं. बोलणंही नव्हतं.

तर मास्तरांच्या निवृत्तीला तीन महिने उरले असताना कचेरीनं ठरवलं की जुनं टेलिफोन यंत्र काढून टाकायचं. आता आवाजही संगणकाच्या जाळ्यातून जाणार. संगणकाच्या खोलीत राउटर नावाची एक चपटी लोखंडी पेटी होती. तिच्या पाठीला तीन खाचा. दोन भरलेल्या, एक रिकामी. त्या रिकाम्या खाचेत आवाजाचं कार्ड बसवायचं की झालं, टेलिफोन कंपनीची नवी डिजिटल लाइन थेट त्या कार्डात येणार. कार्ड कोणतं घ्यायचं, ते ठरवायचं काम मास्तरांवर आलं. जाता जाता एवढं करून जा, म्हणाले साहेब.

कार्डं पुरवणाऱ्यांकडून एक इंजिनिअर यायची. पस्तिशीची, पायात धावायचे बूट, केस वर बांधलेले, बोलणं तोडून. आम्ही तिला कार्डवाली म्हणायचो. मास्तरांना वाटलं होतं की या नव्या मंडळींना जुन्या माणसांची कदर नसते. पण तिनं पहिल्याच दिवशी टेबलावर दोन कार्डं ठेवली आणि त्यांना बसवून सगळं नीट सांगितलं.

"काका, हे लहान. याला एक तोंड. एका वेळी तीस जण बोलू शकतात. हे मोठं. याला दोन तोंडं, साठ जण. पण नुसती तोंडं मोजायची नाहीत हां. आत या काळ्या चिपा आहेत ना, आवाजाचे तुकडे करून पाठवायचं काम यांचं. तुमच्या गावोगावच्या शाखांकडे जाणारी वाट अरुंद आहे, तिथे आवाज दाबून पाठवावा लागतो. दाबायचा म्हटलं की चिपेला दुप्पट मेहनत. म्हणजे तितक्याच चिपांत निम्मेच लोक मावतात."

"म्हणजे बसला सीट तीस, पण माणसं सामानासकट आली तर पंधराच," मास्तर म्हणाले.

"अगदी तेच," ती म्हणाली, आणि मास्तर असे खुलले की मला हसू आलं. पुढचे आठ दिवस घरी जातानाही त्यांच्या पिशवीत त्या कार्डांची माहितीपत्रकं. शाखांकडे जाणारे फोन किती, शहरातलेच किती, कोणाला किती चिपा लागतील, सगळं त्यांनी मांडलं. मला जेवू देईनात. "बाई, ऐका तरी," म्हणायचे आणि सुरू व्हायचे.

खाच एकच असल्यामुळे निवड एकदाच होणार होती. लहान कार्ड बसवलं आणि पुढे कमी पडलं तर अख्खी पेटी बदलायची. कार्डवाली म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होती.

"सगळ्यात जास्त गर्दीच्या तासाला किती?"

"वीस. सव्वीस वर्षांत विसाच्या वर कधी नाही."

"आणि परत गेलेले किती? ज्यांना व्यस्त मिळालं ते?"

"शून्य."

"काका, शून्य कुठेच नसतं."

झालं. मास्तरांनी कपाट उघडलं. गठ्ठ्यांवर गठ्ठे टेबलावर आले. तिनं चारदोन कागद चाळले आणि म्हणाली, "हे आत आलेल्यांचं आहे. मी बाहेरच्यांचं विचारतेय."

"बाहेर राहतीलच कसे? चार लाइनी रिकाम्या असताना?" मास्तरांचा आवाज चढला. मी त्यांना आवाज चढवताना त्याआधी एकदाच ऐकलं होतं, एका वायरमननं पेटीवर चहाचा कप ठेवला तेव्हा. कार्डवालीनं कागद पुन्हा गठ्ठ्यात ठेवले. मास्तरांनी त्याच दिवशी लहान कार्डाची शिफारस लिहून साहेबांकडे पाठवली. विसाला तीस म्हणजे दहा शिल्लक, असं खाली अधोरेखित करून.

पण ती बाई हाडाची चिवट. चार दिवसांनी, बिलांच्या आठवड्यात, ती सकाळी अकराला माझ्या खोलीत येऊन उभी राहिली. बिलांच्या आठवड्यात अकराला माझ्याकडे मान वर करायला फुरसत नसते. तिनं बोर्डाकडे पाहिलं. वीस दिवे लागलेले. मग खिशातून मोबाइल काढून तिनं आमचाच नंबर लावला.

एकविसावा दिवा लागला नाही.

"काका," तिनं हाक मारली. "हे चार विझलेत ना? म्हणजे मोकळे?"

"मोकळेच."

"मग मला व्यस्त का येतंय?"

तिनं मोबाइल त्यांच्या कानाशी धरला. मास्तरांनी सवयीनं डोळे मिटले. मी एक फोन घेऊन 'थांबा हं' म्हणून थांबवून ठेवला आणि त्यांच्याकडे बघत राहिले. तिनं पुन्हा लावला, पुन्हा त्यांच्या कानाला. असं पाच वेळा झालं असेल. त्यांच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरला. टूं टूं मला माझ्या खुर्चीपर्यंत ऐकू येत होतं.

दुपारी टेलिफोन कंपनीचा माणूस आला. त्यानं त्यांच्या कचेरीत विचारणा केली, कोणीतरी जुनं बाड उघडलं, आणि तासाभरात उत्तर मिळालं. आमच्या शेवटच्या चार लाइनी मुख्य नंबराच्या साखळीत, म्हणजे एक अडकली की दुसरीवर जाण्याच्या रांगेत, जोडलेल्याच नव्हत्या. लाइनी टाकल्या, त्यात टोन सोडला, प्रत्येकीचा स्वतःचा नंबर दिला, आणि अर्जावर शेरा मारला: 'साखळीत घेणे बाकी.' ते बाकी सव्वीस वर्षं बाकीच राहिलं. विसावी लाइन अडकली की पुढचा फोन आमच्याकडे यायचाच नाही, तिकडूनच परत जायचा. आमच्या यंत्राला त्याचा पत्ताही नाही, मग ते छापणार काय?

"पण मी रोज बघत होतो," मास्तर म्हणाले. "रोज टोन होता."

"टोन असणारच," तो माणूस म्हणाला. "तुम्ही आतून बघत होता. बाहेरून मुख्य नंबर लावून कधी बघितला का, गर्दीच्या वेळी?"

मास्तरांनी कधीच बघितला नव्हता. सव्वीस वर्षांत एकदाही नाही. गर्दीच्या वेळी ते पेटीपाशी असायचे ना, लाइनी सांभाळत.

तो माणूस गेला, कार्डवाली गेली. मास्तर कपाटाशी गेले आणि सगळ्यात खालच्या फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात एकच कागद होता. मी तो लगेच ओळखला. त्यांनी तो टेबलावर पसरला. सव्वा ते साडेतीन, वीस भरलेल्या, चार रिकाम्या. तोच कागद. काही बदललं नव्हतं त्यावर.

"बाई, नऊ वर्षांची होती ना ती?"

"नऊ."

"नऊ वर्षांच्या पोरीनं नंबर बरोबर लावला होता." एवढं बोलून ते रडायला लागले. माझ्या बोर्डावर फोन वाजत होते आणि मी ते घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांकडून शिफारस परत मागितली. मी फाइल घेऊन गेले होते, म्हणून तिथे होते. साहेब माणूस वाईट नाही. म्हणाले, "मास्तर, मोठं कार्ड घ्या, माझी ना नाही. पण मोजणी चुकली वगैरे कशाला लिहिता? गरज वाढली असं लिहा. तीन महिने राहिलेत. सन्मानानं जा."

"मोजणी चुकली आहे साहेब."

"कुठल्या वर्षापासून?"

"पहिल्या दिवसापासून," मास्तर म्हणाले, आणि तसंच लिहिलं. दोन तोंडांचं कार्ड, चिपा पुऱ्या भरलेल्या, आणि खाली सही.  फाइल अजून कचेरीत आहे, कोणीही बघावी.

रविवारी ते मला म्हणाले, माझ्या घरी बरोबर चला. एकट्यानं मला बोलता येणार नाही.

मुलगी ओट्याशी उभी राहून डबे पुसत होती. मास्तरांनी कागद टेबलावर ठेवला.  मग एकदम म्हणाले, "तुझा नंबर बरोबर होता."

ती वळली नाही. हातातला डबा तेवढा पुसायचा थांबला.

मग मास्तरांनी सांगितलं. साखळी, वीस लाइनी, शेवटच्या चार, टोन. दुसऱ्या कोणाला सांगावं तसं सविस्तर, काही न गाळता. त्यांना दुसऱ्या तऱ्हेनं सांगताच येत नाही. ती हात पुसत टेबलाशी आली आणि कागदाकडे बघत बसली. बऱ्याच वेळानं तिनं आमच्या कचेरीचा नंबर म्हटला. एकेक आकडा, सुटा सुटा. प्रत्येक आकड्याला मास्तर म्हणत होते, "बरोबर." सहा वेळा म्हणाले.

"मला वाटायचं तिसरा आणि चौथा उलटा झाला असेल," ती म्हणाली. "मी तिसऱ्यापाशी अडखळायचे ना लहानपणी. म्हणून वाटायचं."

मास्तरांनी तिच्या हाताकडे हात नेला. तिनं आपला हात काढून घेतला, झटकला नाही, नुसता मांडीवर ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं, अगदी तसंच, जसं त्या दिवशी स्टुलावरून पाहिलं होतं.

"मावशी, लोक तुम्हाला सांगत नव्हते का? लाइन लागत नाही म्हणून?"

मला खोटं बोलता आलं असतं. मास्तरही माझ्याकडे बघायला लागले, कारण हा प्रश्न त्यांना सुचलाच नव्हता.

"सांगायचे," मी म्हणाले. "रोज सांगायचे. तासभर लावतोय बाई, आता कुठे लागला. मी म्हणायचे, लागला ना? मग बोला."

"बाबांना नाही सांगितलंत?"

"नाही. लोक वाढवून सांगतात असं वाटायचं. आणि तुझ्या बाबांच्या लाइनींना नावं ठेवायची म्हणजे..."  ज्यांचा फोन शेवटी लागला तेवढेच मला सांगू शकत होते. ज्यांचा लागलाच नाही, त्यांचं माझ्यापर्यंत कोण आणणार होतं? तिला तरी मी हे कोणत्या तोंडानं सांगणार?

तिनं चहा केला. आम्ही तिघांनी तो प्यायला. अंधार पडायच्या आत ती निघाली, दर रविवारसारखीच. कागद टेबलावरच राहिला होता. तिनं तो घेतला नाही. जिना उतरताना ती हळू आवाजात आकडे म्हणत होती, एवढं मला ऐकू आलं.

पुढच्या दोन रविवारी ती आली नाही.  मास्तर एकटेच असायचे, डबा आणायचे नाहीत. मी माझ्यातलं अर्धं पुढे केलं की मुकाट्यानं खायचे. सकाळचे टोन ऐकणं त्यांनी बंद केलं. त्याऐवजी अकरा वाजता रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहायचे आणि मोबाइलवरून आमचा नंबर लावायचे. लागला नाही की वहीत एक रेघ. पहिल्या दिवशी परत आले तेव्हा त्यांच्या वहीत सतरा रेघा होत्या. प्रत्येक रेघेच्या जागी कोण असेल, असं ते मला विचारायचे. 

कार्ड महिन्यानं आलं. एका शनिवारी सकाळी कार्डवालीनं ते खाचेत सरकवलं, मास्तरांनी स्वतः गुडघ्यांवर बसून स्क्रू आवळले. माझ्या बोर्डाच्या जागी संगणक आला. आता परत गेलेल्या फोनांचा आकडाही त्यावर दिसतो, कोणत्या नंबरावरून आला, किती वाजता, सगळं. दहाला जुन्या लाइनी काढल्या, दहा वाजून पाच मिनिटांनी नवी जोडली. मास्तर अजून टेबलाखाली वायरी बांधत होते.

पहिला फोन वाजला. मी कानाला लावला आणि रोजचं वाक्य म्हटलं. पलीकडे कोणी बोलेना. श्वास ऐकू येत होता. मी पुन्हा हॅलो म्हणणार एवढ्यात पलीकडून एकच शब्द आला आणि फोन बंद झाला.

"कोण होतं?" टेबलाखालून मास्तरांनी विचारलं.

"तुमची मुलगी."

 ते हळूहळू बाहेर आले आणि भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसले. हातात वायर तशीच.

"काय म्हणाली?"

"लागला, म्हणाली."

संगणकावर नंबर आला होता, वेळ आली होती, सगळी नोंद समोर उजळून उभी होती. मी पडदा त्यांच्याकडे वळवला. मास्तर ती बघायला उठले नाहीत.